राजवाडा, खेप बेचाळिसावी

मामा म्हैसूर स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेत उभा होता आणि फोनवर माझ्यावर ओरडत होता.

“अरे, गल्लीचं नाव कळलं मला! गावाचं नाव सांग!”

“मामा, तेच गावाचं नाव. हूटगळ्ळी.”

“अरे पण कुठली गल्ली?”

“गल्ली नव्हे, गळ्ळी. कानडीत हळ्ळी म्हणजे खेडं. त्याचंच बोलता बोलता गळ्ळी झालं.”

“मग सरळ हूटवाडी म्हण की! गल्ली कशाला घालतोस मध्ये?”

मामा सांगलीचा. त्याच्या हिशेबात गल्लीवर संपणारा पत्ता अर्धाच असतो. पुढे पेठ यायला हवी, मग मारुतीचं देऊळ आणि मग ‘कुणालाही विचार, सांगेल’. शेवटी त्यानं फोन रिक्षावाल्याच्या हातात कोंबला. मी माझ्या चौदा वर्षं जुन्या कानडीत दोन वाक्यं बोललो. अर्ध्या तासानं मामा, मामी, दोन नातवंडं, चार बॅगा आणि भडंगाचं एक पोतं वाटावं असं पुडकं दारात उतरलं. हुन्सूर रस्त्याच्या हायवेकडे बघत मामा म्हणाला, “ह्या तुझ्या गल्लीत शिरायला रस्ता मात्र प्रशस्त ठेवलाय.”

म्हैसूरच्या पर्यटन-नकाशावर हूटगळ्ळी नाही. मात्र म्हैसूरला येणाऱ्या माझ्या प्रत्येक नातेवाइकाच्या नकाशावर ती आहे, आणि तिथं बिछान्याचं चित्र काढलेलं आहे. शहराच्या कडेला, हुन्सूर रस्त्याला धरून असलेलं हे गाव. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला केएचबी कॉलनीतली आखीव घरं. बेळवाडीकडे मोठाली यंत्रं बनवणारा बीईएमएलचा कारखाना, हेब्बाळला इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र, आणि मेटगळ्ळीच्या बाजूला रिझर्व्ह बँकेच्या नोटा छापणारा छापखाना. पाहुण्यांचा जीव गुंततो तो या शेवटच्या ठिकाणात. मामानं पहिल्याच संध्याकाळी विचारलं होतं, “आत जाऊन बघायला देतात का? नुसतं बघायला.”

हुन्सूर रस्त्यावरून शनिवारी सकाळी गाड्यांच्या गाड्या मडिकेरीकडे निघतात. टपावर बॅगा, मागच्या काचेला नाक लावलेली पोरं. आम्ही दूध घेऊन परतताना त्यांना बघतो. सुट्टीला जाणाऱ्यांचा रस्ता दारावरून जातो आणि सुट्टीला येणाऱ्यांचा दारात संपतो, अशी आमच्या घराची जागा आहे.

आमचा कट्टा भरतो रविवारी संध्याकाळी, कॉलनीतल्या बागेत, सिमेंटच्या बाकावर. आम्ही चौघं. कट्ट्यावर कुणाला नाव नाही, फक्त गाव आहे: सोलापूरकर, नाशिककर, बेळगावकर आणि मी सांगलीकर. चौघांत मिळून दोन ‘बाय-टू’ कॉफ्या येतात. बाय-टू ही कर्नाटकानं मनुष्यजातीला दिलेली फार मोठी देणगी आहे. एक कॉफी मागवायची, दोन पेल्यांत निम्मी-निम्मी घ्यायची आणि पैसे कुणी द्यायचे यावर अख्खी कॉफी पिऊन होईल एवढा वेळ भांडायचं.

शेजारच्या बाकावर चौघींचं मंडळ बसतं. त्यांचं आमच्या बोलण्याकडे बिलकूल लक्ष नसतं. फक्त आमची चूक झाली की असतं.

कट्ट्याचा विषय बारा महिने एकच: सुट्टीत कोण कुठं जाऊन आलं. गेल्या महिन्यात कुणीच कुठं गेलेलं नसलं तर जुन्या सहली पुन्हा काढल्या जातात, लग्नातल्या शालूसारख्या. आता खरं म्हणजे दुसऱ्याचं प्रवासवर्णन कुणी ऐकत नसतं. ऐकणारा माणूस फलाटावर बसलेला असतो. समोरून जाणारी गाडी त्याची नसते, तो आपल्या गाडीची वाट बघत असतो. तरीही मान हलवावी लागते, कारण मग आपली गाडी आल्यावर तोही मान हलवतो.

पहिली गाडी नेहमी सोलापूरकराची. ती उटीला जाते. किंवा जात नाही.

हूटगळ्ळीहून उटी म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गुंडलुपेट, मग बंदीपूरचं जंगल, मग घाट. अडचण एकच: वाघ-हत्तींना रात्री तरी मोकळेपणानं रस्ता ओलांडता यावा म्हणून २००९ पासून बंदीपुरातून जाणारी वाहतूक रात्री नऊ ते सकाळी सहा बंद ठेवतात. सोलापूरकरानं तयारी मात्र कडेकोट केली होती. नीलगिरी जिल्ह्यात शिरायला २०२४ च्या मे महिन्यापासून ई-पास लागतो. तो त्यानं आठ दिवस आधी काढला, त्याची छापील प्रत घेतली आणि तिला लॅमिनेशन केलं. “पास होता बे,” तो दर वेळी याच जागी हताश होतो, “वेळ नव्हती.”

वेळ सूर्यफुलांनी खाल्ली. आषाढात गुंडलुपेटच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना सूर्यफुलं फुललेली असतात. आई म्हणाली, माझा एक फोटो काढ. मग आईचा आणि सुनेचा एक. मग नुसत्या सुनेचा एक, तो बिघडला म्हणून आणखी अकरा. फोटो आटोपले तेव्हा चाकातली हवा गेली होती. ती भरेपर्यंत दुकानदाराचा जेवायचा वक्त झाला. शेवटी जंगलाच्या नाक्यावर गाडी पोचली तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

“एकोणीस,” शेजारच्या बाकावरून आवाज.

“नऊ वाजून एकोणीस मिनिटं झाली होती,” सोलापूरकर सुरळीत पुढे चालू ठेवतो. अडसर खाली आलेला. पुढे-मागे पन्नासेक ट्रक, निम्मे केरळचे. गाडीत सात माणसं आणि मागं एक कळकट डबा, सोलापूरहून आलेला. डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. ज्यांनी कडक भाकरी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ती कितीही दिवस टिकते, कारण तिला खायचं म्हटलं तरी ती सहजासहजी जात नाही. आईनं डबा उघडला. भाकरी मोडल्याचा आवाज पुढच्या ट्रकपर्यंत गेला आणि ड्रायव्हर काय फुटलं म्हणून बघायला उतरला. आईनं त्याच्या हातावर चतकोर ठेवला, वर चटणी. त्यानं खाल्लं, डोळे पुसले आणि ट्रकमधून केळ्यांचा अख्खा फणा आणून दिला. मग दुसरा ड्रायव्हर आला. रात्री अकराला बंदीपूरच्या नाक्यावर आईची पंगत बसली होती. आईला मल्याळम येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. ‘अजून घे’ हे मात्र दोन्हीकडून कळत होतं. पहाटे अडसर वर गेला तेव्हा सात-आठ ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून आईला निरोप दिला.

“आणि उटी?” आम्ही विचारतो. विचारावं लागतं.

“उटी?” सोलापूरकर विचारात पडतो. “उटीत थंडी होती.”

नाशिककराची गाडी थेट युरोपला जाते. बारा दिवस, सात देश, मराठी मंडळींचा ग्रुप, सकाळी हॉटेलात उपमा. हे सात देश कोणते ते त्याला आजही सलग सांगता येत नाही, पण त्याच्या आईला येतात. तिनं देशांची क्रमवारी स्वच्छतागृहांच्या दरावरून लावली आहे. एका ठिकाणी आत जायला एक युरो, म्हणजे नव्वद रुपये. “नव्वद रुपयांत नाशकात झणझणीत मिसळ येते,” आई म्हणाली, “आणि इथं नुसतं जायला नव्वद?” पुढे स्वित्झर्लंड लागलं, तिथं युरो नाही, फ्रँक. फ्रँकचा भाव कुणाला नीट ठाऊक नव्हता, म्हणून आईनं त्या दिवशी सकाळपासून पाणीच बेतानं घेतलं.

मग युंगफ्राऊयोख. तीन हजार चारशे चोपन्न मीटर उंची, डोंगराच्या पोटातून जाणारी आगगाडी, १९१२ साली वरपर्यंत पोचलेली. नाशिककर इथं हातवारे करतो, बर्फ दाखवतो, आपला श्वास कसा कोंडला ते करून दाखवतो.

“१९१२ म्हणतोस?” बेळगावकर कॉफीतून मान वर काढतो. “आपला राजवाडा पण त्याच वर्षी पुरा झालाय की गा. इथंच बघितला असतास, तर व्हिसा तरी वाचला असता.”

नाशिककर त्याच्याकडे दुर्लक्ष करून बर्फावरून पुढे घसरतो. तिथं, ढगांच्या पातळीवर, ‘बॉलीवूड’ नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे. त्यात वरण-भाताचं ताट घेऊन वळतो तर समोर कोण? नाशिकच्या त्याच्या सोसायटीतला शेजारी. गाडी लावायच्या जागेवरून दोघांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. साडेतीन हजार मीटरवर माणसाचा अहंकार विरळ होतो असं नाशिककर म्हणतो. दोघांनी मिठी मारली. एकमेकांचे फोटो काढले. शेजाऱ्यानं आपल्या पुड्यातला चिवडा दिला.

“मिठी तुम्ही मारलीत,” शेजारच्या बाकावरून. “त्यांच्या हातात ट्रे होता.”

“आणि आता?” मी विचारतो.

“आता काय! परत आल्यावर त्यानं पुन्हा माझ्याच जागेत गाडी लावली,” नाशिककर म्हणतो. “उंची कमी झाली ना.”

बेळगावकराला असलं काही नाही. तो दर सुट्टीत एकाच ठिकाणी जातो: बेळगावला, आईकडे, विश्वमानव एक्स्प्रेसनं. पहाटे अंधारात म्हैसूर सोडायचं आणि रात्री अंधारातच बेळगावला उतरायचं. मधला अख्खा दिवस म्हणजे त्याची सहल. त्याचा नकाशा गावांचा नाही, खाण्याचा आहे. मद्दूर आलं की वडा. तिपटूर आलं की नारळ. दावणगेरे आलं की लोण्याचा डोसा. तो फलाटावर हाती लागत नाही, पण गाडी उभी असेपर्यंत तो समोरच्या प्रवाशाला त्या डोशावर किती लोणी असतं ते हातानं दाखवतो. धारवाडला पेढा. परतताना हे सगळं उलट्या क्रमानं आणि वर कुंद्याचे चार डबे, त्यातला एक आमचा. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं एकाच दिवशी म्हैसूरचं मैसूरु आणि बेळगावचं बेळगावी केलं. त्या दिवशी हा नेमका गाडीत होता असं तो सांगतो. “निघालो तेव्हा एक नाव, उतरलो तेव्हा दुसरं. माझं तिकीट बघून टीसी पण गोंधळला की.”

“टीसी आलाच नव्हता,” शेजारच्या बाकावरून.

त्याच्या मुलाला शाळेत ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ यावर निबंध होता. बाकीच्या पोरांनी गोवा, काश्मीर, सिंगापूर लिहिलं. यानं लिहिलं लोंढा जंक्शन. दोन पानं. बाईंनी वर्गात वाचून दाखवला म्हणे.

आणि मग माझी पाळी येते, आणि मी गप्प बसतो. कारण मला सुट्टी मिळत नाही. सुट्टी माझ्याकडे मुक्कामाला येते.

मे महिना, दिवाळी, नाताळ आणि दसरा असे माझे चार हंगाम. दसऱ्याला तर हॉलमध्ये माणसं ओळीनं अशी झोपतात की रात्री पाणी प्यायला उठलेल्याला तिथल्या तिथं राहावं लागतं. सांगलीकरांनी इकडे यायची परंपरा जुनीच आहे म्हणा. १७९२ साली हरिपंत फडके आणि आमच्या भागातले, तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन इथं शेजारी श्रीरंगपट्टणापर्यंत आले होते. कॉर्नवॉलिस होता, निजामाची फौज होती. तह झाला; टिपूनं निम्मं राज्य दिलं, तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले, आणि आपली दोन मुलं ओलीस ठेवली. माझ्याकडे थोडा फरक आहे. पाहुणे स्वतःची दोन मुलं माझ्याकडे ठेवतात आणि दोन दिवस उटीला जाऊन येतात.

पाहुण्यांना दाखवायचा माझा क्रम ठरलेला आहे. सकाळी चामुंडीचा डोंगर. वाटेत कुणीतरी विचारतंच, म्हैसूर हे नाव कशावरून. महिषासुरावरून, मी सांगतो. मैसूर आणि मायसोर म्हणणाऱ्यांनी गावातली म्हैस घालवली, आपण मराठी माणसांनी ती अजून सांभाळून ठेवली आहे. यावर पाहुणे हसतात. मीही हसतो, जणू आत्ताच सुचलंय.

मग प्राणिसंग्रहालय. १८९२ सालचं, देशातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयांपैकी एक, आणि मंगळवारी बंद. हे मी फोनवर सांगतो, मेसेजमध्ये लिहितो, तरीही माझे सत्तर टक्के नातेवाईक मंगळवारी उतरतात. मामाचा नातू बंद फाटकासमोर उभा राहून इतक्या मोठ्यानं रडला होता की आतून कुठल्याशा माकडानं त्याला प्रत्युत्तर दिलं. तेवढं तिकिटाशिवाय झालं.

दुपारी जेवणात कुणीतरी ‘म्हैसूर मसाला डोसा’ मागतो. वेटर म्हणतो, मसाला डोसा आहे. पाहुणा म्हणतो, तो नको, म्हैसूर मसाला. वेटर शांतपणे खिडकीबाहेर बघतो. बाहेर म्हैसूर आहे. मुंबईत ज्याला हे नाव आहे, बीट-कोबी घातलेला, तव्यावरच पावभाजीसारखा रगडलेला, तो इथं कुणी पाहिलेला नाही. नंतर म्हैसूरपाक घ्यायला सयाजीराव रस्ता. बडोद्याच्या गायकवाड महाराजांचं नाव पाटीवर वाचून मामा छाती काढून चालायला लागला, आणि त्याच अभिमानात त्यानं दोन किलो जास्त घेतला.

शेवटी राजवाडा. माझी एक वही आहे, तिच्यात मी राजवाड्याच्या खेपा लिहून ठेवतो. एकेचाळीस झाल्या होत्या. चपला कुठं ठेवायच्या, कुठल्या खांबापाशी गर्दी तुंबते, कुठल्या जिन्यापाशी आत्याचा गुडघा बोलायला लागतो, सगळं पाठ. १८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नात जुना लाकडी राजवाडा जळाला. मग हेन्री आयर्विननं आराखडा केला आणि हा उभा राहिला. खर्च एक्केचाळीस लाख सत्तेचाळीस हजार नऊशे तेरा रुपये. ही रक्कम मी दर वेळी शेवटच्या रुपयापर्यंत सांगतो. फक्त मामाच्या नातवानं विचारलं, “ते वरचे तेरा रुपये कशाचे?” मी चौदा वर्षांत यावर विचार केला नव्हता. “चपला ठेवायचे,” मामी म्हणाली.

एकदा कट्ट्यावर दसऱ्याच्या हत्तींचा विषय निघाला होता. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी वाहणारा अर्जुन. त्यानं आठ दसरे अंबारी वाहिली आणि साठी झाली तेव्हा त्याला त्या कामातून मोकळं केलं, मग अभिमन्यू आला. सगळे हळहळले. मी नाही हळहळलो. मी मनात हिशेब केला: आठ खेपा, आणि साठीला सुटका.

यातली एकच गोष्ट मला मनापासून आवडते, ती रविवारची. रविवारी आणि सरकारी सुट्टीला संध्याकाळी सातच्या सुमारास राजवाड्यावरचे सत्त्याण्णव हजार दिवे एका क्षणात लागतात. मी पाहुण्यांना मैदानात नेमक्या जागी उभं करतो. मोबाइल तयार ठेवा म्हणतो. आणि मग मी राजवाड्याकडे बघत नाही, त्यांच्याकडे बघतो. दिवे लागतात आणि गर्दीतून एक आवाज निघतो, ‘हा’ आणि ‘ओ’ यांच्या मधला. त्या क्षणाला मामाचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. मामी, जी दोन दिवस ‘सांगलीचा गणपती बघितला की बाकी काय बघायचं’ म्हणत होती, ती अर्धा मिनिट काहीच बोलली नाही. सासूबाईंनी हात जोडले होते. माझा एक चुलतभाऊ, कुठंही गेलं तरी ‘ठीक आहे’ म्हणणारा, तो म्हणाला, “बापरे.” हे सगळं मी कट्ट्यावर रंगवून सांगतो. माझं प्रवासवर्णन हे एवढंच.

गेल्या श्रावणात मी ते असंच सांगत होतो. “आणि दिवे लागले की–”

“तुम्ही बघितलेत का कधी?” शेजारच्या बाकावरून माझ्या बायकोचा आवाज.

“काय?”

“दिवे लागताना. राजवाडा. स्वतः.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. एकेचाळीस खेपा. मामा पाहिला, मामी पाहिली, चुलतभाऊ पाहिला. दिवे लागलेला राजवाडा पाहिला, पण लागताना? मी सोलापूरकराकडे बघितलं. तो कॉफीच्या रिकाम्या पेल्यात बघत होता. त्याच्याकडे दर हंगामाला अक्कलकोटचा गोतावळा येतो. नाशिककर म्हणाला, त्याचं लक्ष कायम आई हरवत नाही ना याकडेच असतं. बेळगावकर म्हणाला, “मी त्या वेळेला पार्किंगमधनं गाडी काढत असतो की. नंतर गर्दी होते.”

म्हणजे चौघं मिळून, म्हैसुरात राहून, पन्नासेक वर्षांची सेवा, आणि दिवे लागताना बघितलेला एकही माणूस नाही.

सहल ठरली ती त्याच बाकावर. या वेळी कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. जायचं म्हैसूरला. एक रात्र राजवाड्याजवळ लॉजवर, चार जोडपी, पोरं आणि दोन आया. नियम चौघींनी केले: आपली गाडी न्यायची नाही, कानडीत बोलायचं नाही, आणि ‘हे मला माहीत आहे’ असं कुणी म्हणायचं नाही. तिसरा नियम फक्त माझ्याकडे बघून केला होता.

शनिवारी सकाळी हूटगळ्ळीच्या थांब्यावर नऊ बॅगा होत्या. अंतर साधारण दहा किलोमीटर. बेळगावकराच्या बायकोनं वाटेत खायला पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली होती. प्रवास म्हटला की डबा उघडायला हवा असं तिचं मत. तो हिनकलला, सिग्नल लागल्यावर उघडला. बसमधल्या एका आजोबांनी आपुलकीनं विचारलं, लांबचा पल्ला का? नाशिककरानं हिंदीत सांगितलं, “हां, बहुत दूर.”

लॉजच्या काउंटरवरच्या पोरानं आठ आधार कार्डं घेतली. पहिलं बघितलं. दुसरं बघितलं. आठवं बघून झाल्यावर त्यानं मान वर केली आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात कानडीत विचारलं, “हूटगळ्ळी? सर... घरी पाहुणे आलेत का?”

मी नियम मोडून कानडीत ‘हो’ म्हणालो. त्यानं मला राजवाड्याच्या बाजूची खोली दिली. म्हैसूरच्या माणसाला काही गोष्टी फोड करून सांगाव्या लागत नाहीत.

दुपारी आम्ही टांग्यात बसलो. टांगेवाल्यानं सांगितलेला भाव ऐकून बेळगावकराच्या तोंडून कानडी बाहेर पडायला लागली, तेव्हा त्याच्या बायकोनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं चिमटा गिळला आणि मराठीत म्हणाला, “स्वस्त आहे!” फाटकापाशी किल्लीच्या चंदनी साखळ्या, उदबत्त्या, पिपाण्या विकणारी पोरं आमच्याभोवती जमली. त्यांच्यातल्या एकाला मी चौदा वर्षं ओळखतो, निदान तोंडानं. त्यानं माझ्या कितीतरी पाहुण्यांना लाकडी जडावाचा हत्ती विकायचा प्रयत्न केला आणि मी प्रत्येकाच्या कानात ‘घेऊ नकोस, निम्म्यात मिळतो’ असं सांगितलेलं. त्या दिवशी त्यानं हत्ती पुढे केला. मी भाव केला नाही. पैसे घेताना तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. ओळखलं असावं. त्यानं एक किल्लीची साखळी फुकट दिली.

रविवारी संध्याकाळी सहा वाजताच आम्ही मैदानात. मी जागा दाखवायला पुढे झालो तशी बायको म्हणाली, “तिसरा नियम.” मी मागं सरलो. सोलापूरकराच्या आईनं सतरंजी अंथरली आणि डबा उघडला. कडक भाकरीचा आवाज ऐकून तीन कुटुंबं वळली. त्यातल्या एका चिमुरडीला चतकोर मिळाला.

अंधार पडत गेला. राजवाडा काळा होत होता. पोरं शांत झाली. नाशिककरानं आईचा हात धरून ठेवला. बेळगावकर पार्किंगच्या दिशेनं अस्वस्थपणे बघत होता. गाडी नव्हतीच, पण सवय. कुणीतरी घड्याळ बघितलं. मी ठरवलं होतं, या वेळी डोळेसुद्धा मिटायचे नाहीत.

आणि तो आवाज आला. ‘हा’ आणि ‘ओ’ यांच्या मधला, अख्ख्या मैदानातून एकदम.

मी वळलो. ठरवलं नव्हतं, मानच वळली. सगळा उजेड माझ्या पाठीवर होता आणि समोर चेहरे. सोलापूरकराच्या आईच्या हातातली भाकरी तोंडापाशी थांबलेली. नाशिककराची आई, जिला युंगफ्राऊयोखवर काही वाटलं नव्हतं, तिनं पदर तोंडाला लावलेला. लोंढा जंक्शनवर दोन पानं लिहिणारा मुलगा टाचा उंच करून उभा. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या उजवीकडे सोलापूरकर आहे, त्याच्या पलीकडे नाशिककर, त्याच्या पलीकडे बेळगावकर, आणि आम्ही चौघंही एका ओळीत राजवाड्याकडे पाठ करून उभे आहोत. फोटो काढला असता तर आम्ही तिथले रखवालदार वाटलो असतो.

बायको चष्म्यातून वर बघत होती. दोन भिंगांत दोन राजवाडे, घुमटासकट.

“अहो,” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “मागं बघा!”

“बघतोय,” मी म्हणालो.

घरी परत यायला अर्धा तास लागला. प्रवासानं सगळी दमली होती. मी वही काढली आणि लिहिलं: खेप ४२. पाहुणे: आम्हीच. दिवे: लागले, असं ऐकलं. शेरा: पुन्हा जावं लागेल.

तेवढ्यात फोन वाजला. मामा होता. “दिवाळीत येतोय रे. मंगळवारी पोचतो. त्या गल्लीचं नाव काय म्हणालास?”